प्रांतसाहेब, एकदा सुनावणी आश्रमातच घ्या

प्रति,
जिल्हाधिकारी तथा जिल्हा दंडाधिकारी, सोलापूर
आणि जिल्ह्यातील सर्व उपविभागीय अधिकारी (प्रांत)

विषय : वृद्धाश्रमांत व केअर सेंटरमध्ये राहणाऱ्या ज्येष्ठांचे कायदेशीर हक्क

महोदय,
स. न. वि. वि.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा कायदा चालवायचा तो आपणच. प्रांत म्हणजे त्यातले न्यायाधिकरण, जिल्हाधिकारी म्हणजे अपिलाचे न्यायाधिकरण. मुलगा सांभाळत नाही म्हणून कचेरीची पायरी चढणाऱ्या आई-वडिलांचे अर्ज आपल्यापुढे येतात आणि त्यांच्यावर आदेशही होतात. हे पत्र मात्र ज्यांना ती पायरी चढताच येत नाही, त्यांच्याबद्दल आहे. घर केव्हाच सुटले आहे आणि आता वृद्धाश्रमातल्या किंवा केअर सेंटरमधल्या एका कॉटवर ज्यांचा मुक्काम आहे, अशी ही माणसे.

मी बँकेत पेन्शनच्या खिडकीवर बरीच वर्षे काम केले. निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरात शहरातल्या आणि आसपासच्या आश्रमांत हयातीच्या दाखल्यांच्या कामाला जाते. बोटाचा ठसा उमटत नाही, आधारला जोडलेला मोबाईल नंबर मुलाचा, पासबुक कुठे आहे ते सांगता येत नाही, अशा अडचणी सोडवता सोडवता माणसे बोलू लागतात. त्यात गिरणीत आयुष्य काढलेले असतात, यंत्रमागावर रात्रपाळ्या केलेले असतात, विड्या वळून मुलांना शिकवलेल्या बायका असतात. ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे. पुष्कळांच्या हातात तेवढेच पडते, किंवा त्याच्या थोडे वर. श्रावणबाळ योजनेचे १,५०० असले तर असले. रक्कम लहान म्हणून तिच्यावरचा हक्क लहान होत नाही. तरीही "तुमची पेन्शन कोण काढतं?" असे विचारले की निम्मी माणसे दाराकडे बघून आवाज खाली आणतात.

आश्रमात राहायला आले म्हणजे आपल्या आयुष्याचा कारभार दुसऱ्याच्या नावावर झाला, अशी समजूत सगळ्यांच्याच डोक्यात पक्की बसली आहे. मुलाला ते गृहीत वाटते, व्यवस्थापकाला सोयीचे वाटते आणि हळूहळू खुद्द आजी-आजोबांनाही पटते. देशातल्या कोणत्याही कायद्यात असे लिहिलेले नाही. साठीनंतर, सत्तरीनंतर, काठी किंवा व्हीलचेअर आल्यावरही माणूस सज्ञानच राहतो. त्याची सही, त्याचे खाते, त्याचा फोन, कुणाला भेटायचे आणि कुणाला नाही हा निर्णय, गेटबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य, हे सगळे त्याच्याकडेच राहते. हे त्याला त्याच्या कॉटपाशी जाऊन सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, ते आपण आहात. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

आधी निर्वाहाचे. "आश्रमात ठेवलंय, पैसे भरतोय, अजून काय करायचं?" असे मुले म्हणतात. कायद्यातल्या चरितार्थात अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय देखभाल आणि उपचार हे सगळे येते. फी भरली पण मोतीबिंदूचे ऑपरेशन तीन वर्षे लांबवले, तर जबाबदारी पुरी झाली असे होत नाही. मूलबाळ नसलेल्यांसाठीही तरतूद आहे : ज्या नातेवाईकाच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा त्यांच्यामागे ज्याला ती मिळणार आहे, त्याच्याकडे चरितार्थ मागता येतो. अक्कलकोटच्या एका आजींची जमीन पुतण्या कसतो आणि आजींचा आश्रमाचा खर्च एक देवमाणूस शेजारी करतो. पुतण्याकडे हक्काने मागता येते, हे त्या आजींना कुणीच सांगितले नव्हते.

अर्ज कुठे करायचा, याचीही भीती असते. मुलगा पुण्यात किंवा हैदराबादला, म्हणजे तिथे जावे लागेल असे वाटते. कलम ६ प्रमाणे ज्येष्ठ व्यक्ती जिथे राहते किंवा शेवटची जिथे राहत होती, तिथेही अर्ज चालतो, म्हणजे सोलापुरात चालतो. वकील लावावा लागत नाही. अर्जदाराची इच्छा असेल तर समाजकल्याण खात्याचा निर्वाह अधिकारी त्याच्या वतीने उभा राहू शकतो. स्वतः अर्ज करता येत नसेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. आणि कुणीच अर्ज केला नाही तरी न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकते. हे कलम ५ मध्ये आहे. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, अपवादात्मक परिस्थितीत फार तर आणखी तीस दिवस.

स्वतःहून दखल घेण्याचा हा अधिकार कायदा करणाऱ्यांनी फार विचाराने ठेवला असणार. ज्याला उठून बसता येत नाही त्याने तक्रार करावी, अशी वाट बघण्यात अर्थ नाही हे त्यांना ठाऊक होते. मग तो अधिकार वापरायचा कुठे? माझ्या मते सगळ्यात आधी आश्रमांत. प्रांतांनी तीन-चार महिन्यांतून एक दिवस आपल्या विभागातल्या आश्रमात बसावे, सोबत निर्वाह अधिकारी, तालुका विधी सेवा समितीचे कुणीतरी आणि एक महिला कर्मचारी असावी. व्यवस्थापक आणि नातेवाईक यांना बाहेर बसवून एकेकाशी बोलावे. ज्याला काही म्हणायचे असेल त्याचे तिथेच लिहून घ्यावे. मुलाला नोटीस काढताना एक गोष्ट मात्र पाहावी : अर्जदाराच्या आधारवर पत्ता मुलाच्याच घराचा असतो. सुनावणीची नोटीस त्या पत्त्यावर गेली की ती मुलाच्या हातात पडते आणि आई गैरहजर म्हणून नोंदली जाते. नोटीस आश्रमाच्या पत्त्यावर, त्या व्यक्तीच्या हातात द्यावी.

आता भेटींबद्दल. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ज्या दुःखाला कागद नसतो ते हेच आहे.

घराचा किंवा जमिनीचा वाद असतो. भाऊ आश्रमाची फी भरतो. तो व्यवस्थापकाला सांगून ठेवतो, "माझ्या बहिणीला आत सोडायचं नाही, फोनही जोडून द्यायचा नाही." व्यवस्थापक ऐकतो, कारण पैसे भाऊ देतो. मुलगी उन्हात गेटवर येऊन परत जाते आणि आतल्या आईला सांगितले जाते की मुलगी येतच नाही. असा प्रकार मी पाहिलेला आहे. आश्रमाचे नाव लिहीत नाही, कारण दोष एका आश्रमाचा नाही. फी कोण भरतो यावरून भेट कोण घेणार हे ठरत नाही. आईला कळते आहे तोवर तो निर्णय आईचा. मानसिक आजार असलेल्या आणि संस्थेत ठेवलेल्या माणसालासुद्धा भेटायला आलेल्याला भेटण्याचा किंवा नाकारण्याचा, फोन घेण्याचा आणि करण्याचा हक्क मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम २६ ने दिला आहे. मग धडधाकट बुद्धीच्या आजींना तो नाही, असे कोण म्हणेल? कुणाच्या जिवाला खरोखर धोका असेल तर पोलिसांत तक्रार करावी, न्यायालयाचा आदेश आणावा. फोनवर दिलेली ताकीद हा आदेश नव्हे.

व्यवस्थापकांची बाजूही मी ऐकली आहे. "बाई, बहीण आत आली, कागदावर अंगठा घेऊन गेली, तर भाऊ आमच्यावर केस करेल." त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच नियम लिखित हवा आणि तो प्रशासनाकडून आलेला हवा. भेटीची नोंदवही ठेवा, भेट नाकारली तर कुणी आणि का नाकारली ते लिहा, आणि त्याखाली त्या ज्येष्ठाची स्वतःची सही किंवा अंगठा घ्या. एवढ्याने व्यवस्थापकाची मान सुटेल आणि मुलीला उत्तर मिळेल.

कुलपाचेही तसेच. भर उन्हाळ्यात, चव्वेचाळीस अंशांत, पत्र्याखालच्या खोलीला बाहेरून कडी लावलेली असते. विस्मरणाचा आजार असलेले आजोबा रस्त्यावर जातील, ही काळजी मला समजते. पण ज्यांना असा काही आजार नाही त्यांनाही त्याच कडीआड ठेवले जाते. एखाद्याला बेकायदेशीरपणे कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खालचा गुन्हा आहे आणि वय जास्त आहे म्हणून त्याला सूट नाही.

आणि बांधून ठेवणे. एका ठिकाणी एका आजींचा हात कापडाच्या पट्टीने कॉटच्या दांड्याला बांधलेला पाहिला. मनगटावर वळ होता. मावशींना विचारले तर त्या रडवेल्या झाल्या. "रात्री मी एकटीच असते. त्या नळी उपसतात. मी काय करू?" त्या मावशींना मी दोष देत नाही. बारा तासांची ड्युटी, तुटपुंजा पगार, आणि एवढ्या माणसांचे डायपर बदलणे, अंग पुसणे, कुशीवर वळवणे हे सगळे एकटीने. पण हेच कारण कायद्याने शब्दांत नाकारले आहे. मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ९७ सांगते की बांधून ठेवणे हा तातडीचा धोका टाळण्याचा एकमेव उपाय असेल तरच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या मान्यतेने आणि गरज असेल तेवढाच वेळ करता येते, शिक्षा म्हणून कधीही नाही, आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणासाठी तर नाहीच. याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. मानसिक आजार असलेल्यांना देखभालीसाठी जिथे ठेवले जाते त्या संस्थेला नोंदणी लागते, घरात नातेवाईकांनी सांभाळणे तेवढे त्यातून वगळले आहे. "डिमेन्शिया केअर" अशी पाटी लावणाऱ्या केंद्रांना हे लागू होते की नाही, याची तपासणी प्रशासनाने कागद मागवून करावी.

शुश्रूषेचे पैसे घेऊन ती न करणे हाही साधा वाद नाही. आजारपणामुळे किंवा शरीर थकल्यामुळे स्वतःचे काही करू न शकणाऱ्या माणसाची सेवा करण्याचा ज्याने करार केला आहे, त्याने ती जाणूनबुजून टाळली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे कलम इंग्रजांच्या काळापासून आहे, पूर्वी ते भारतीय दंड संहितेत ४९१ क्रमांकाने होते. पाठीला झालेल्या जखमेत किडे पडेपर्यंत कुणी बघितले नाही, तर ठाण्यात जाऊन या कलमाचे नाव घ्यावे हे लोकांना माहीत हवे.

सह्यांबद्दल बोलताना माझा बँकेतला जीव पुन्हा जागा होतो. आश्रमात दाखल करताना कागदांचा गठ्ठा पुढे येतो. त्यात प्रवेश अर्ज असतो, संमतीपत्र असते आणि कधी कधी मधेच एक मुखत्यारपत्र किंवा हक्कसोडपत्र असते. माणूस त्या दिवशी इतका हललेला असतो की सांगतील तिथे सही करतो. एक आजोबा मला म्हणाले, "सही मागितली, दिली. पोराला नाही कसं म्हणायचं?" त्यांना वाचता येत होते, चष्मा मात्र पिशवीत राहिला होता.

यात तीन गोष्टी लोकांपर्यंत जायला हव्यात. पहिली : मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते संपते. आईला काहीच कळेनासे झाल्यावर जुने मुखत्यारपत्र दाखवून तिचे घर विकणे चालत नाही. समज गेल्यावर अंगठा घेऊन नवे मुखत्यारपत्र करणे तर मुळातच चालत नाही. तेव्हा उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग आहे, तो खर्चिक आहे आणि पूर्व भागातल्या विणकराच्या घराला झेपणारा नाही, हे मी जाणते. विधी सेवा प्राधिकरणाची गरज तिथेच आहे. दुसरी : याच्या उलट बाजूनेही अन्याय होतो. दोन नावे विसरली, नातवाला मुलगा म्हटले, की "यांना काही समजत नाही" असा शिक्का बसतो. २०१७ चा कायदा सांगतो की मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून माणूस वेडसर ठरत नाही, ते सक्षम न्यायालयच ठरवू शकते. तारीख न सांगता येणाऱ्या आजीला आपल्याला कुणी मारते आणि कुणी प्रेमाने भरवते, हे बरोबर सांगता येते.

तिसरी गोष्ट बक्षीसपत्राची. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि मग सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठांच्या कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द ठरवून घेता येते, तेही प्रांतांपुढे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांभाळण्याची अट असणे आवश्यक असल्याचे सांगितले. जानेवारी २०२५ च्या निकालात, हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे त्याच न्यायालयाने म्हटले. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयांत एक पाटी लावून घ्यावी, "आई-वडिलांनो, बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहा." मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूत.

हो, भाषा. ही आपल्या सोलापूरची खास गोष्ट आहे आणि मुंबई-पुण्यात केलेल्या नियमपत्रकांत ती नसते. अशोक चौकात, कन्ना चौकात, विडी घरकुलात आयुष्य गेलेल्या तेलुगूभाषक अम्मा म्हातारपणी, विशेषतः आजारात, मराठी विसरून तेलुगूवर येतात. अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडच्या अव्वा कन्नडवर येतात. पाणी मागणारी बाई "बडबडते" म्हणून नोंदली जाते. ज्या कराराच्या भाषेत माणूस विचार करत नाही त्या करारावर त्याची सही घेऊन उपयोग काय? प्रवेशाचा करार त्याच्या भाषेत वाचून दाखवला, अशी नोंद आणि वाचणाऱ्याची सही असलीच पाहिजे. आपल्या शहरात दुभाषी शोधायला लांब जावे लागत नाही, शेजारच्या कॉटवर तो असतो.

आता नोंदणीचा गोंधळ. एखादा आश्रम धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेला असतो, एखादा संस्था म्हणून, एखादे केअर सेंटर केवळ दुकाने-आस्थापनेच्या दाखल्यावर बंगल्यात चालते. ज्येष्ठांच्या निवासी केंद्रांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले होते. त्यात दरमहा निर्वाहावरची १०,००० रुपयांची मर्यादाही काढायची होती. २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिथेच संपले. ते पुन्हा यावे यासाठी आपण शासनाला जरूर लिहा. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही.

आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणारी जागा, अशी महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी अधिनियम, १९४९ ची व्याख्या आहे. ज्या केंद्रात अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत, नाकातून नळीने अन्न दिले जाते, सलाईन लावली जाते, ते केंद्र या व्याख्येत बसत नाही असे म्हणणे मला तरी अवघड वाटते. बसत असेल तर २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणेही आले. महापालिका हद्दीत महापालिकेचा आरोग्य विभाग आणि ग्रामीण भागात संबंधित यंत्रणा यांच्याकडून आपण ही यादी करून घ्यावी. जिल्ह्यात किती ठिकाणी किती ज्येष्ठ राहतात, त्यातले किती अंथरुणावर आहेत, ही साधी यादी जाहीर झाली तरी पुष्कळ गोष्टी हलतील.

त्याच यादीबरोबर २००७ च्या कायद्यातल्या कलम १९ चेही सांगावे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार ज्येष्ठांना सामावणारे वृद्धाश्रम राज्य शासनाने उभारावे, असे ते कलम आहे. २०१८ च्या डिसेंबरात डॉ. अश्वनीकुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला सांगितले होते आणि निवारा, आरोग्य व सन्मान हे ज्येष्ठांचे हक्क संविधानाच्या कलम २१ शी जोडले होते. आपल्या जिल्ह्याचा आज त्यातला हिशेब काय, हे सोलापूरकरांना कळू द्या. रेल्वे स्टेशनच्या फलाटावर, पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटावर वारी पांगल्यावर मागे राहिलेली म्हातारी माणसे दिसतात. त्यांना नेऊन ठेवायचे कुठे, हा प्रश्न पोलिसांनाही पडतो. ज्येष्ठाला कायमचे सोडून देण्याच्या इराद्याने कुठेतरी टाकून जाणे हा २००७ च्याच कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

पैशांचे थोडक्यात. अनामत रक्कम परत न देणे, जाहिरातीत सांगितलेली नर्स प्रत्यक्षात नसणे, वाढीव बिले लावणे, या सगळ्यासाठी ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पेन्शनचे पासबुक आणि एटीएम कार्ड आश्रमाने ठेवून घेणे मात्र थांबवा. सुरक्षिततेसाठी ठेवायचे असेल तर पावती द्यावी आणि दर महिन्याला काढलेल्या रकमेचा हिशेब त्या व्यक्तीला दाखवावा. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. आश्रमातल्या किती जणांकडे ते कार्ड आहे, ते सिव्हिल हॉस्पिटलच्या मदतीने एका शिबिरात तपासता येईल.

मतदानाचेही सांगायचे आहे. आश्रमात आल्यावर नाव जुन्या पत्त्यावरच राहते, आणि मतदानाच्या दिवशी मुलगा न्यायला आला तरच मत. नमुना ८ भरून पत्ता बदलता येतो. २०२४ च्या निवडणुकांत पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना नमुना १२-ड भरून घरबसल्या मतदानाचा पर्याय होता. त्याची मुदत फार छोटी असते, अधिसूचनेपासून पाच दिवस. केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांनी आश्रमांना आपल्या यादीतले घर म्हणून धरावे. साठ वर्षे न चुकता मत दिलेल्या एका गिरणी कामगाराने मला विचारले होते, "आता आमचं मत कुणाला लागत नाही का?"

हे सगळे लिहिताना मला चांगले चालणारे आश्रम आठवत आहेत. दात नसलेल्यांसाठी भाकरी आमटीत कुस्करून वेगळी ठेवणारे, गड्ड्याच्या यात्रेला टमटम करून नेणारे, पाणी चार-पाच दिवसांआड येत असताना टँकर स्वतःच्या खिशातून भरणारे. त्यांना तपासणीची भीती नाही, उलट ती व्हावी असे त्यांनीच मला सांगितले आहे. त्यांना पाण्याचे, विजेचे दर आणि मालमत्ता करात काही सवलत देता येईल का, याचाही विचार व्हावा.

माझी मागणी अशी आहे. येत्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी बँका आणि पोस्ट तसेही आश्रमांत जातात. त्याच दिवसांत प्रत्येक प्रांतांनी आपल्या विभागातल्या निदान एका आश्रमात सुनावणी ठेवावी. तिथे दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत, तीन-चार भाषांत ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, विधी सेवेचा १५१०० आणि पोलिसांचा ११२ हे नंबर रंगवून घ्यावेत, आणि ते लावायला रहिवाशांच्या हाताला येईल असा एक फोन ठेवावा. भेटीची नोंदवही, पासबुकाच्या पावत्या आणि कुणाला बांधले असल्यास त्याची नोंद, हे तीन कागद त्या दिवशी मागावेत. दुभाषी म्हणून तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या निवृत्त शिक्षिका मी गोळा करून देते, त्यांनी होकार दिला आहे. अर्ज लिहून द्यायला मी आणि माझ्या बँकेतल्या जुन्या मैत्रिणी येऊ. तारीख तेवढी आपण कळवावी.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
सहायक आयुक्त, समाज कल्याण, सोलापूर
सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सोलापूर
आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
जिल्ह्यातील सर्व वृद्धाश्रमांचे व केअर सेंटरचे व्यवस्थापक, रहिवाशांना वाचून दाखवावे या विनंतीसह